रुमालाची घडी, कलिंगडाची फोड : पाळणाघरातली उन्हाळी ओरिगामी

एप्रिलच्या मध्यानंतर आमच्या पाळणाघरातली दुपार लांबते. शाळांना सुट्टी लागल्यामुळे एरवी संध्याकाळचे दोन तास येणारी सात-आठ वर्षांची मुले सकाळपासूनच येऊ लागतात, अकरा वाजल्यानंतर अंगणात पाऊल ठेववत नाही, आणि दीड वर्षापासून आठ वर्षांपर्यंतची चौदा मुले दोन खोल्यांत, कूलरच्या घरघरीत, पाच वाजेपर्यंत सांभाळायची असतात. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात मी गेली अकरा वर्षे हे पाळणाघर चालवते आहे आणि त्यांतले नऊ उन्हाळे आम्ही कागदाच्या घड्या घालत काढले आहेत. दर वर्षी या सुमारास काही पालक आणि नव्याने पाळणाघर सुरू केलेल्या मैत्रिणी विचारतात, की लहान मुलांना जमेल अशी सोपी ओरिगामी कोणती. प्रत्येकीला वेगवेगळे आणि अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे या वर्षी ठरवले.

या प्रश्नातला ‘सोपी’ हा शब्दच मला पहिली दोन वर्षे नीट कळला नव्हता. ज्या वस्तूला घड्या कमी ती सोपी, असे मी धरून चालले होते आणि त्या हिशेबाने चौकोनी कागदाचा रुमालासारखा त्रिकोण करणे हे सर्वांत सोपे काम ठरत होते. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या मुलाला ते फार अवघड जाते. एका हाताने दोन टोके जुळवून धरायची, दुसऱ्या हाताने दुमड दाबायची, आणि दाबणाऱ्या हाताकडे पाहताना धरणारा हात सुटू द्यायचा नाही, एवढी कामे त्या एका घडीत असतात. मूल दुमड दाबायला गेले की टोकावरचे बोट उचलते, कागद सरकतो, त्रिकोणाला दोन शेंडे येतात, आणि आपण म्हणतो, “अगं, नीट धर ना.” मुलाने नीटच धरलेले असते, दोन हातांनी एकाच वेळी दोन निराळी कामे करण्याचे त्याचे वय अजून यायचे असते. म्हणून आता मी सोपेपणाची कसोटी बदलली आहे. टोकाला टोक जुळले नाही तरी जी वस्तू बिघडत नाही, ती लहान मुलांसाठी सोपी, मग तिला घड्या पाच असोत की एक.

आमच्याकडे सुरुवात कागदापासून होत नाही, रुमालापासून होते. मुलांच्या पिशवीत रुमाल असतोच, आणि दुपारच्या झोपेनंतर पांघरुणांच्या घड्या घालायच्याच असतात. पहिला आठवडा आम्ही एवढेच करतो. दोन मुले समोरासमोर उभी राहून पांघरुणाची चार टोके धरतात, एक जण दुसऱ्याकडे चालत जातो, टोके एकमेकांच्या हातांत देतो आणि मधोमध आपोआप घडी पडते. कापड कागदासारखे रुसत नाही. चुकीच्या घडीची खूण त्याच्यावर राहत नाही, झटकले की पुन्हा कोरे होते. शिवाय ‘घडी’ हा शब्द मुलांच्या ओळखीचा असतो, कारण ती रोज घडीची पोळी खातात. ताटातली पोळी उघडून पाहा, ती आधी अर्धी झाली, मग पाव झाली आणि तिचा त्रिकोण तयार झाला, हे सांगितल्यावर एका साडेतीन वर्षांच्या मुलाने त्या दिवशी तीन पोळ्या उघडून आणि पुन्हा मिटून खाल्ल्या. ‘कडेला कड’, ‘टोकाला टोक’ आणि ‘आता इस्त्री कर’ हे तीनच शब्दप्रयोग आम्ही रुमालापासून शेवटच्या दिवसापर्यंत वापरतो. इस्त्री म्हणजे बोटाच्या पेराने किंवा तळव्याने दुमड घासून पक्की करणे. जपानमधल्या बालवाड्यांतही याला बोटाची इस्त्री असेच म्हणतात, हे मला पुढे कळले तेव्हा फार आनंद झाला.

कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण उन्हाळ्यात निम्मी फजिती कागदामुळे होते. हस्तकलेसाठी मिळणारा घोटीव कागद दिसायला सुंदर असतो, परंतु घामट हातांनी त्याचा लाल आणि जांभळा रंग सुटतो आणि तो नंतर तोंडाला, भिंतीला आणि झोपलेल्या लहानग्यांच्या गालांना लागतो. पतंगाचा कागद पातळ असल्यामुळे दुसऱ्या घडीलाच फाटतो. कार्डशीट मुलांच्या बोटांना दुमडत नाही. आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरला तो पालकांच्या कार्यालयांतून येणारा पाठकोरा ए-फोर कागद. त्याची कोरी बाजू मुलांनी सकाळी मेणखडूने रंगवायची आणि दुपारी तोच कागद दुमडायचा. यामुळे कागदाला रंगीत आणि बिनरंगी अशा दोन बाजू मिळतात, ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक मुलांच्या लक्षात राहतो, आणि कागद फाटला तरी कोणाला हळहळ वाटत नाही. छापील बाजूवर कोणाची नावे, पत्ते किंवा पगाराचे आकडे नाहीत ना, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. त्याचा चौरस कापला की २१ सेंटिमीटरचा तुकडा हाती येतो आणि ८.७ सेंटिमीटरची एक पट्टी उरते. दुकानात मिळणारा ओरिगामीचा कागद बहुधा १५ सेंटिमीटरचा असतो. पाच वर्षांच्या मुलांना तो पुरतो, तीन वर्षांच्या मुलांना मोठाच कागद द्यावा, कारण त्यांची पाची बोटे एकदम कागदावर असतात. उरलेल्या पट्ट्या मी टाकत नाही. त्यांचे पंखे होतात, साखळ्या होतात, आणि अगदी लहान मुलांना चुरगाळायलाही त्याच देता येतात.

छताच्या पंख्याचा प्रश्न सोडवायला आम्हाला बराच काळ लागला. पंखा चालू ठेवला तर कागद उडतात, बंद केला तर मुले उकाड्याने रडकुंडीला येतात. आता आम्ही घड्यांचे काम दुपारच्या झोपेनंतर, साधारण साडेतीनला, आतल्या खोलीत कूलर लावून, भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या चारच मुलांबरोबर करतो. प्रत्येकासमोर पाट उलटा ठेवलेला असतो, कारण घडी पक्की व्हायला खाली टणक जागा लागते आणि सतरंजीवर ती कधीच होत नाही. एका वेळी चारपेक्षा अधिक मुले घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पाचव्या मुलापर्यंत आपण पोहोचतो तोवर पहिल्याने कागदाचे तुकडे केलेले असतात, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

आता कलिंगड. माझ्या यादीत त्याचा पहिला क्रमांक आहे, कारण ते एका घडीत होते आणि ती घडी चुकलेलीच असावी लागते. कागदाची एक बाजू लाल रंगवून घ्यावी. लाल बाजू खाली ठेवून कागदाचे एक टोक आपल्याकडे येईल असा तो पाटावर ठेवावा. आपल्याकडचे टोक उचलून वरच्या टोकाच्या दिशेने न्यावे, पण तिथपर्यंत पोहोचू देऊ नये. दोन बोटांचे अंतर राहिले की दुमड दाबावी. लाल त्रिकोणाच्या दोन बाजूंना मागच्या कागदाची पांढरी किनार दिसू लागते. कागद पालथा न करता नुसता फिरवून सरळ कड वर आणि शेंडा खाली केला, की ती किनार कलिंगडाच्या सालीच्या जागी येते. तिला हिरवा खडू फासावा, तिन्ही टोके थोडी थोडी मागे दुमडावीत म्हणजे फोडीला गोलाई येते, आणि लालावर काळ्या खडूने बिया काढाव्यात. बिया काढण्यात मुले जितकी रमतात तितकी दुसऱ्या कशातही रमत नाहीत. एका मुलीने एकदा चाळीस बिया मोजून काढल्या आणि त्यानंतर त्या थुंकण्याचा खेळही बराच वेळ चालला.

या कलिंगडाने मला जे दाखवून दिले ते मी विसरले नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, त्याची टोके कधीच जुळत नसत. इतर मुलांचे त्रिकोण पाहून तो आपला कागद पाटाखाली लपवत असे. कलिंगडाच्या दिवशी ज्यांना टोके जुळवायची सवय लागली होती त्यांनी सवयीने ती जुळवली आणि त्यांच्या फोडीला सालच उरली नाही. या मुलाच्या फोडीला मात्र छान जाड साल आली. शेजारची मोठी मुलगी त्याला विचारू लागली, की तू हे कसे केलेस, मला दाखव. त्याने तिला तीनदा करून दाखवले. त्या दिवसानंतर त्याने कागद लपवला नाही.

आंब्याचेही तसेच आहे. पिवळा किंवा केशरी कागद रंग बाहेर ठेवून अर्धा दुमडायचा आणि त्या आयताची चारही टोके हवी तेवढी, कमी-जास्त, मागे घालायची, एवढेच. एका बाजूचे टोक मोठे घातले आणि एक तसेच ठेवले की तोतापुरीसारखी चोच येते, सगळी टोके सारखी घातली की गोलसर पायरी होते. आकार कसाही आला तरी कुठल्या तरी झाडाला तसा आंबा लागतोच. हिरवा कागद निवडणाऱ्याची कैरी होते आणि तिला तिखट-मीठ म्हणून लाल ठिपके द्यावे लागतात.

हे काम माझ्याकडे आले ते एका आईमुळे. ती नोकरीनिमित्त तीन वर्षे जपानमध्ये राहून परतली होती आणि तिचा मुलगा तिथल्या पाळणाघरात जात असे. परत आल्यावर तिने मला ओरिगामीच्या कागदांची एक गड्डी दिली आणि तिकडची मुले ऋतूप्रमाणे कागद दुमडतात, असे सांगितले. तिथला उन्हाळा जून ते ऑगस्टचा. ७ जुलैला, काही भागांत ऑगस्टमध्ये, तानाबाता हा ताऱ्यांचा सण असतो. त्या वेळी मुले बांबूच्या फांदीवर आपल्या इच्छा लिहिलेल्या कागदी पट्ट्या बांधतात आणि सोबत कागदाचे तारे आणि साखळ्या लावतात. त्याशिवाय त्या दिवसांत तिथल्या बालवाड्यांच्या भिंतींवर सोनेरी-लाल मासे, सकाळी उमलणारी असागाओची फुले, कलिंगडे, शोभेचे दारूकाम आणि काकीगोरी, म्हणजे रंगीत सरबत घातलेला किसलेला बर्फ, असे सगळे कागदाचे असते. पहिल्या वर्षी मी उत्साहाने ती सगळी यादीच उचलली. असागाओच्या फुलावर आम्ही दोन दुपारी घालवल्या, पण ते फूल एकाही मुलाने पाहिलेले नव्हते आणि एकानेही ते घरी नेले नाही. कलिंगड आणि काकीगोरी मात्र लगेच आपली झाली, कारण काकीगोरी पाहताच मुले ‘बर्फाचा गोळा’ असे ओरडली आणि कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याचे रंग सांगू लागली. तेव्हापासून आमचा नियम असा, की मुलाने या आठवड्यात जे खाल्ले, हाताळले किंवा पाहिले असेल तेच दुमडायचे.

त्या गड्डीच्या निमित्ताने मी थोडे वाचन केले आणि मला असे आढळले, की बालशाळेतली कागदाची घडी ही केवळ जपानची देणगी नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, आणि त्यांच्या पद्धतीतल्या उद्योगांत चौरस कागद दुमडण्याला मानाचे स्थान होते. १८७६ मध्ये टोकियोच्या महिला अध्यापक विद्यालयाला जोडून किंडरगार्टन सुरू झाले तेव्हा हे उद्योग जपानमध्ये पोहोचले. तिथे कागद दुमडण्याची स्वतःची जुनी परंपरा होतीच. कागदी क्रौंच पक्ष्यांच्या घड्या दाखवणारे पुस्तक तिथे १७९७ मध्येच छापले गेले होते. हे दोन प्रवाह बालशाळेत येऊन मिळाले. आपल्याकडे मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याची कल्पना आपल्याला किंडरगार्टनमधल्या कागद दुमडण्याच्या साहित्यावरून सुचली, असे त्यांनीच प्रस्तावनेत लिहिले आहे.

परंतु या वाचनात मला अधिक महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. फ्रोबेल यांच्या पश्चात त्यांच्या साहित्याची अनेक ठिकाणी कवायत झाली. अमुक साहित्य आधी, तमुक नंतर, सर्वांनी एकाच वेळी, शिक्षिकेने सांगितल्याबरहुकूम. जपानमध्ये बालशिक्षणतज्ज्ञ कुराहाशी सोझो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चौकट मोडली आणि क्रमवार ठेवलेले ते साहित्य टोपल्यांत एकत्र घालून मुलांना मोकळेपणाने खेळायला दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाडी चालवताना महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती आणली, त्यामागेही मुलाच्या परिसराकडे आणि मुलाच्या हाताकडे पाहण्याची हीच दृष्टी होती, असे मला वाटते.

मी स्वतः मात्र कवायतीच्याच वाटेने गेले होते, आणि ते सांगायला हवे. दुसऱ्या वर्षी मेच्या अखेरीस मी पालकांसाठी भिंतीवर सगळ्या वस्तू लावायच्या ठरवल्या. आदल्या रात्री त्या मांडून पाहिल्या तेव्हा मला त्यांची लाज वाटली. वाकडे त्रिकोण, सुटलेल्या घड्या, दोन शेंड्यांच्या टोप्या. मी रात्री बारापर्यंत बसून एकेक वस्तू उघडली, टोके जुळवली, पट्टीने दुमडी पक्क्या केल्या आणि पुन्हा चिकटवल्या. सकाळी पालकांनी भरभरून कौतुक केले. एका चार वर्षांच्या मुलीने भिंतीवरच्या आपल्या नावाखालच्या माशाकडे बराच वेळ पाहिले आणि आईला सांगितले, “हा माझा नाही.” आईने नाव वाचून दाखवले. ती म्हणाली, “नाव माझं आहे. मासा माझा नाही.” तो मासा तिने घरी नेला नाही. तिच्या आईला वाटले की ती हट्ट करते आहे. मला ठाऊक होते की ती खरे बोलते आहे, आणि तरीही मी त्या वेळी गप्प राहिले. त्याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर आजवर मी एकाही मुलाने घातलेली घडी त्याच्या माघारी उघडलेली नाही. मुलाने मदत मागितली तर माझा वेगळा कागद घेऊन शेजारी बसते आणि माझ्या कागदावर करून दाखवते. त्याच्या कागदाला हात लावायचा असेल तर विचारून लावते.

चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे कागदाचा पेला. तो नुसता पाहायचा नसतो, त्यातून खायचे असते. चौरसाचा त्रिकोण करून सरळ कड खाली ठेवावी. खालचे डावे टोक उचलून समोरच्या उजव्या तिरप्या कडेच्या मध्यापर्यंत न्यावे, उजवे टोक तसेच डाव्या बाजूला आणावे, वर राहिलेल्या दोन पाकळ्यांपैकी एक पुढे आणि एक मागे दुमडावी आणि तोंड उघडावे. घड्या पाच आहेत आणि दुसरी-तिसरी घडी थोडी खाली-वर झाली तरी पेला उभा राहतो. फारच तिरकी गेली तर तळाला फट पडते, आणि ही चूक मुलाला आपण दाखवावी लागत नाही, चुरमुरे दाखवतात. चार वाजता आम्ही प्रत्येकाच्या पेल्यात मूठभर चुरमुरे आणि फुटाणे घालतो. ज्याच्या पेल्यातून फुटाणे गळतात तो स्वतःहून उठतो आणि दुसरा कागद मागतो. खाण्यासाठीच्या पेल्याला कागद मात्र दोन्ही बाजूंनी कोरा आणि न रंगवलेला घ्यावा. वर्तमानपत्राच्या किंवा छापील कागदात खाण्याचे पदार्थ देऊ नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले आहे, आणि पाठकोरा कागदही या बाबतीत छापीलच समजावा.

पेला पहिल्यांदा केला त्या दिवशी आमच्याकडे मदतीला असणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या वडिलांचे गावी किराणा दुकान होते. त्यांनी एक कागद मागून घेतला, बसल्या बसल्या त्याची पुंगळी केली, तळ मुडपला, वरचे टोक आत खोचले आणि मुलांसमोर जिऱ्या-मोहरीची बांधतात तशी पुडी ठेवली. न डिंक, न दोरा. मुलांनी ती उघडली, पुन्हा मिटली आणि त्यांना दहा वेळा करायला लावली. नंतर त्या म्हणाल्या, “काकू, द्रोण पण असाच असतो की, फक्त पानाचा.” दुसऱ्या दिवशी त्या येताना वडाची पाने घेऊन आल्या. पानाची घडी कागदाप्रमाणे पक्की होत नाही, तिला काडी टोचावी लागते, आणि काडी टोचण्याचे काम मोठ्यांनीच करावे. पण कागद दुमडण्याची कला आपल्या घरात कधीची आहे हे त्या दोन दुपारींत मुलांना आणि मलाही कळले. विड्याचे पान, पुडी, द्रोण, पोळी, साडीच्या निऱ्या, या सगळ्या घड्याच आहेत, आणि मावशींना ओरिगामी हा शब्द ठाऊक नसला तरी आमच्यापैकी सर्वांत तयार हात त्यांचाच आहे.

बाकीच्या वस्तू थोडक्यात. पंखा सोपा वाटतो पण नसतो, कारण प्रत्येक घडीनंतर कागद उलटावा लागतो आणि मूल तो उलटायला विसरते. मग पंख्याऐवजी गुंडाळी होते. आम्ही उरलेल्या पट्ट्यांवर तीन-तीन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघा आखून देतो आणि ‘दुमड, पालथा कर’ असे तालावर म्हणतो. तळाला रबर आम्ही लावतो. स्टेपलर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवतो. आईस्क्रीमच्या कोनाला आधी मधली घडी हवी आणि मग दोन कडा त्या रेघेला टेकवायच्या, म्हणून तो पाच वर्षांच्या मुलांसाठीच ठेवावा. तपकिरी बाजू खाली ठेवून दुमडला की कोन तपकिरी आणि वरचे आईस्क्रीम पांढरे दिसते. वर्तमानपत्राची टोपी मोठ्यांनी अर्धी करून द्यावी आणि काठ वळवण्याचे काम मुलांना द्यावे. होडीचेही तसेच, शेवटी दोन्ही टोके धरून ओढायचा जो क्षण असतो, तेवढा तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावा.

क्रौंच पक्षी मात्र मी करत नाही. दर वर्षी एखादे पालक मोबाईलवर चित्रफीत दाखवून म्हणतात, की आमच्या मुलीला हा शिकवा. त्यात कागदाचे पदर उघडून लांब पाकळी काढावी लागते, अनेक घड्या एकमेकींवर अवलंबून असतात आणि सुरुवातीची बारीक चूक शेवटी मानेत किंवा शेपटीत बाहेर येते. चार वर्षांच्या मुलीच्या हातून तो होणार म्हणजे तो माझ्या हातून होणार, आणि भिंतीवर पुन्हा नाव तिचे आणि पक्षी माझा, असे होणार. ते मला पुन्हा नको आहे.

सुट्टीत येणाऱ्या मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा असतो. त्यांचा हात चालतो, आणि म्हणून त्यांना लहानांची धडपड पाहवत नाही. “दे इकडे, मी करून देतो,” असे म्हणत सात वर्षांचा दादा क्षणात पेला करून देतो, आणि धाकटा तो खाली ठेवून निघून जातो. रागावून उपयोग होत नाही, कारण दादाच्या मनात प्रेमच असते. आम्ही मोठ्यांना कागदाचे कारखानदार केले. चौरस कापणे, पट्ट्या आखणे, रंगाप्रमाणे गड्ड्या लावणे आणि लहानांनी मागितल्यावर कागद पुरवणे ही कामे त्यांची. शिकवायचेच असेल तर स्वतःच्या कागदावर शिकवायचे, हा माझ्यासाठी केलेला नियम त्यांनाही लागू केला, आणि तो मोडला की तेच एकमेकांना आठवण करून देतात.

या मे महिन्यात आमच्याकडे एक दोन वर्षे आणि चार महिन्यांचा मुलगा येत होता. त्याला आम्ही पट्ट्यांची टोपली देत असू आणि तो त्या चुरगाळून त्यांचे गोळे करत असे. महिनाभर त्याने दुसरे काही केले नाही आणि आम्ही त्याला दुसरे काही सांगितलेही नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मोठी मुले पेले करत असताना त्याने टोपलीतली एक पट्टी सरळ केली, पाटावर ठेवली, एक कड उचलून दुसरीवर आणली आणि तळव्याने दाबली. कड जुळली नव्हती. मावशींनी माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघी काही बोललो नाही. त्याने पट्टी उघडली, मधली रेघ बोटाने चाचपली आणि पुन्हा मिटली. मग पुन्हा उघडली. त्याला त्याचे काही करायचे नव्हते, ना पंखा, ना टोपी. साडेपाचला त्याची आई आली तेव्हाही तो ती पट्टी उघडत आणि मिटत होता, आणि आईने उचलून घेतल्यावर त्याने ती तिच्या खांद्यावर ठेवून वरून हाताने इस्त्री केली.